गाडीला आफ्टरमार्केट इंजेक्टर आणि फ्युएल रेल बसवताना

इंजेक्टर, म्हणजे पेट्रोलचा फवारा सोडणारी विजेची झडप, आणि फ्युएल रेल, म्हणजे सर्व इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी, बदलण्याचे काम पाने चालवण्याच्या दृष्टीने फारसे अवघड नाही. रेलचे दोन-तीन बोल्ट, जितके सिलिंडर तितके कपलर (इंजेक्टरला वीज पोहोचवणारे वायरीचे जोड) आणि पेट्रोलची एखादी-दुसरी नळी, एवढाच त्याचा पसारा असतो. हे काम बिघडते ते मुख्यतः दोन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे इंजेक्टरच्या दोन्ही टोकांच्या ओ-रिंग, कारण दाबाखालचे पेट्रोल गरम इंजिनावर सांडण्यापासून रोखणारी वस्तू म्हणजे वरची ओ-रिंग तेवढीच असते, आणि खालची ओ-रिंग मॅनिफोल्डमध्ये बाहेरची हवा शिरू देत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरलेले आकडे. ते नव्या इंजेक्टरशी जुळत नसतील, तर कितीही नीट बसवलेला सेट इंजिनाचे नुकसान करू शकतो. या लेखात याच दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

पुढील सर्व माहिती पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांपुरती आहे, म्हणजे ज्यांत इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यात, बसतो आणि रेलमधला दाब साधारण ३ ते ४ बार असतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात हा दाब शेकडो बारपर्यंत जातो आणि डिझेलच्या कॉमन रेलमध्ये तो १,००० बारच्याही बराच वर असतो. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते, आणि वरून लहान दिसणाऱ्या त्या जखमेवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. ती कामे घरी करू नयेत.

विकत घेण्याआधी

इंजेक्टरची क्षमता एका मिनिटात किती सीसी इंधन सोडतो यावर मोजतात, आणि ती ठरवताना अंदाज न बांधता हिशेब करावा. नैसर्गिक श्वासाचे, म्हणजे टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना दर अश्वशक्तीला तासाला सुमारे २२० ग्रॅम इंधन घेते. टर्बो इंजिनाला सुमारे २७० ग्रॅम लागते. २०० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन घेतले, तर तासाला ५४ किलो, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमागे साडेतेरा किलो इंधन लागेल. पेट्रोलची घनता लक्षात घेतली तर हे मिनिटाला सुमारे ३०५ सीसी होते. इंजेक्टर सतत उघडा ठेवून चालत नाही. त्याची ड्यूटी सायकल, म्हणजे उघडा राहण्याच्या वेळेचे प्रमाण, ८० टक्क्यांच्या आसपास राहावी, म्हणून या आकड्याला ०.८ ने भागावे. उत्तर मिनिटाला ३८० सीसीच्या जवळ येते. इथे ४०० सीसीचा सेट योग्य ठरतो. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून १,००० सीसीचा सेट घेण्याचा मोह अनेकांना होतो, पण माझ्या मते तो टाळावा. इंजेक्टर जितका मोठा, तितका आयडलिंगला तो अगदी थोडा वेळ उघडतो, आणि अशा छोट्या उघडझापीत त्याचे मोजमाप डळमळीत होते.

क्षमतेचा आकडा कोणत्या दाबाला मोजला आहे हेही विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. इंधनाचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ३ बारला ४०० सीसी देणारा इंजेक्टर ४ बारला सुमारे ४६० सीसी देतो. इंधन पंप त्या दाबाला तेवढा प्रवाह देऊ शकतो का, हे वेगळे तपासावे लागते. पंप अपुरा असेल तर मोठे इंजेक्टर बसवून काहीही साधत नाही.

यानंतर विजेचा प्रश्न येतो. मल्टिमीटर ओहमवर लावून इंजेक्टरच्या दोन पिनांमधला रोध मोजावा. बहुतेक आधुनिक गाड्यांतील इंजेक्टर ११ ते १६ ओहमचे असतात, तर काही जुने किंवा रेसिंगचे मोठे इंजेक्टर २ ते ५ ओहमचे असतात. चालू इंजिनात बॅटरीच्या तारांवर १४ व्होल्ट असताना १२ ओहमचा इंजेक्टर जेमतेम एक-सव्वा अँपिअर घेतो, आणि २ ओहमचा ७ अँपिअरपर्यंत ओढू शकतो. जास्त रोधाच्या इंजेक्टरसाठी बनवलेल्या ईसीयूला कमी रोधाचा इंजेक्टर थेट जोडला तर आतील ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टर चालवणारे सर्किट, जळण्याची दाट शक्यता असते. त्यासाठी रेझिस्टर पॅक किंवा वेगळा ड्रायव्हर लागतो. दोन्ही प्रकार उपलब्ध असतील तर जास्त रोधाचाच घ्यावा.

माप जुळवताना जुना आणि नवा इंजेक्टर शेजारी शेजारी ठेवून तीन गोष्टी पाहाव्यात. एक, वरच्या आणि खालच्या ओ-रिंगमधले अंतर. हल्लीचे इंजेक्टर साधारण ३४, ४८ आणि ६० मिलिमीटर अशा तीन लांब्यांत मिळतात, आणि लांबी बदलली तर रेलखालचे स्पेसर, म्हणजे उंची जुळवणारे तुकडे, हेही बदलावे लागतात. दोन, वरच्या ओ-रिंगचा व्यास, जो सहसा ११ किंवा १४ मिलिमीटर असतो आणि रेलच्या कपाशी जुळला पाहिजे. तीन, कपलरचा आकार. कपलर वेगळा निघाला तर वायरिंग न कापता ॲडॉप्टर वापरता येतो. चार व्हॉल्व्हच्या हेडसाठी बनवलेले काही इंजेक्टर दोन फवारे सोडतात आणि ते दोन इनटेक व्हॉल्व्हच्या दिशेने पडावे लागतात. असा इंजेक्टर गोल फिरवून कसाही बसवलेला चालत नाही.

जागा, साधने आणि दाब उतरवणे

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या ठिणगीपर्यंतही पोहोचते. म्हणून काम उघड्यावर किंवा दोन्ही बाजूंनी हवा खेळत असलेल्या जागी करावे, आणि जवळपास गॅसची शेगडी, गीझर किंवा उघडा दिवा असू नये. उजेडासाठी बंद आवरणाचा एलईडी दिवा घ्यावा, कारण हॅलोजनचा तापलेला बल्ब पेट्रोलचा थेंब पडताच फुटू शकतो. पेट्रोलच्या आगीवर चालणारा पावडरचा अग्निशामक हाताशी, म्हणजे खरोखर हात पोहोचेल इतक्या जवळ ठेवावा. डोळ्यांना गॉगल आणि हातात नायट्राइलचे मोजे असावेत. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय कामाला हात घालू नये.

दाब उतरवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे इंधन पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन सुरू करणे. रेलमधले पेट्रोल संपले की ते आपोआप बंद पडते. मग दोन-तीन सेकंद आणखी सेल मारावा, चावी बंद करावी, टाकीचे झाकण उघडून आतला दाब जाऊ द्यावा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. एवढे केल्यावरही रेलमध्ये थोडे पेट्रोल उरतेच, म्हणून पहिली नळी सोडताना जोडावर जाड चिंधी गुंडाळावी आणि चेहरा त्या रेषेत ठेवू नये. रेलवर टायरसारखा व्हॉल्व्ह असेल तर त्यावर चिंधी धरून पिन हलकेच दाबावी आणि उरलेला दाब सोडावा.

जुनी रेल काढणे

कपलर काढण्याआधी प्रत्येकावर सिलिंडरचा क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी लावावी आणि फोटो काढून ठेवावेत. उन्हातापाने कडक झालेली प्लॅस्टिकची कडी सहज तुटते, म्हणून ती आधी सोडवून कपलर त्याच्या अंगाला धरून ओढावा. वायरी ओढू नयेत. पेट्रोलच्या नळीला क्विक कनेक्ट जोड असेल तर त्याच्या मापाचे सोडवण्याचे साधन वापरावे. स्क्रूड्रायव्हरने उचकटल्यास आतली कडी वाकते आणि तो जोड पुढे कधी निसटेल याचा भरवसा राहत नाही.

रेल उचलण्याआधी इंजेक्टरच्या बुडाशी साचलेली माती आणि कचरा हवेने उडवून टाकावा. हे दोन मिनिटांचे काम पुष्कळ जण गाळतात. रेल वर येताच तोच कचरा भोकातून थेट इनटेक व्हॉल्व्हवर पडतो, आणि तिथून तो काढण्यासाठी मॅनिफोल्ड उतरवावे लागते. नंतर बोल्ट सैल करून रेलला दोन्ही टोकांनी धरावे, थोडे थोडे डोलवत सरळ वर घ्यावे आणि उघडी भोके लगेच स्वच्छ कापडाने बंद करावीत. जुन्या खालच्या ओ-रिंग भोकातच चिकटून राहिल्या नाहीत ना, हे मोजून पाहावे. एखादी आत राहिली आणि तिच्यावरच नवा इंजेक्टर दाबला, तर तो कधीच सरळ बसणार नाही.

नवा सेट बसवणे

नवी ॲल्युमिनियमची रेल पिशवीतून काढून तशीच बसवू नये. तिच्यात यंत्रावर कापताना राहिलेला धातूचा चुरा असू शकतो, आणि तो इंजेक्टरच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत जाऊन अडकतो. सगळे प्लग काढावेत, रेल आतून सॉल्व्हंटने धुवावी, हवेने कोरडी करावी, आणि शेवटी पांढऱ्या कापडाची पट्टी आरपार ओढून तिच्यावर चमकणारे कण दिसतात का ते पाहावे. दिसले तर पुन्हा धुवावी. इंजेक्टर बसतात त्या कपांच्या तोंडाला धारदार कड नको. तिथे नख फिरवल्यावर खरखर लागली, तर ती ओ-रिंग कापणारच असे समजून रेल परत करावी.

ओ-रिंग नेहमी नव्या वापराव्यात आणि त्या इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या, सहसा व्हायटनच्या असाव्यात. नुसत्या रंगावरून रबर ओळखता येत नाही, म्हणून विक्रेत्याकडून खात्री करून घ्यावी. बसवताना प्रत्येक ओ-रिंगला बोटाने स्वच्छ इंजिन ऑइलचा पातळ थर लावावा. कोरडी ओ-रिंग आत जाताना पीळ खाते किंवा कडेला चिरते. सिलिकॉनचे ग्रीस किंवा सीलंट मात्र लावू नये, कारण सिलिकॉन इंजिनातून जाऊन ऑक्सिजन सेन्सर निकामी करते. तेल लावताना ते इंजेक्टरच्या खालच्या तोंडावर, जिथून फवारा निघतो तिथे लागू देऊ नये.

माझा सल्ला असा की आधी सर्व इंजेक्टर टेबलावरच रेलमध्ये बसवावेत आणि मग अख्खी जुळणी मॅनिफोल्डवर उतरवावी. इंजेक्टर कपाच्या तोंडाशी सरळ धरावा, अंगठ्याने दाबत किंचित डावी-उजवीकडे फिरवावा. ओ-रिंग आत सरकल्याचे हाताला स्पष्ट जाणवते. आधी अडल्यासारखे वाटते आणि मग इंजेक्टर एकदम गुळगुळीत आत जातो. अडतच राहिला तर बाहेर काढून ओ-रिंग पाहावी. तिच्यावर चंद्रकोरीसारखा काप दिसला तर ती टाकून नवी घ्यावी. हातोडी, पक्कड किंवा बोल्ट आवळून ओढून घेणे यांतला कोणताही मार्ग इथे चालत नाही. इंजेक्टरच्या क्लिपा असतील तर त्या याच वेळी लावाव्यात.

आता कापड काढून रेल भोकांवर आणावी आणि सर्व इंजेक्टरची टोके आपापल्या भोकात आहेत याची एकेक करून खात्री करावी. दोन्ही हातांच्या तळव्यांनी रेल सारखा दाब देत खाली न्यावी. अजून बोल्ट आवळलेले नाहीत, आणि नेमक्या याच क्षणी काम बरोबर चालले आहे का ते कळते. रेलचे पाय आपल्या आधारावर ताण न येता टेकले पाहिजेत. ते वर तरंगत असतील तर इंजेक्टर लांब पडत आहे किंवा एखादा तिरका बसला आहे, आणि बोल्ट आवळल्यास सगळा भार इंजेक्टरच्या अंगावर येईल. पाय टेकले पण इंजेक्टर खाली-वर हलतो, तर तो आखूड आहे आणि दाब आल्यावर ओ-रिंग कपाबाहेर सरकू शकते. तिरका इंजेक्टर सरळ बसवावा; लांबीचा फरक असेल तर दोन्ही प्रसंगी उपाय एकच, योग्य जाडीचा स्पेसर. सर्व ठीक असेल तर प्रत्येक इंजेक्टर बोटांनी थोड्या जोराने जागच्या जागी फिरतो आणि उभ्या दिशेला जवळपास हलत नाही.

बोल्टचे आटे आधी हाताने लावावेत आणि मग टॉर्क रेंचने गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला आवळावेत. मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचे असेल तर जोर विशेष जपून लावावा. बॉनेट हलकेच खाली आणून रेल किंवा तिचे फिटिंग त्याला किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलला घासत नाही ना, हेही लगेच पाहावे.

नळ्या आणि फिटिंग

आफ्टरमार्केट रेलला मूळ नळी बहुधा थेट जुळत नाही, आणि इथे फिटिंगचे प्रकार एकमेकांत मिसळल्याने गळती होते. तिरक्या तोंडाचे एएन फिटिंग धातूवर धातू टेकून बंद होते. त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. रेलच्या टोकाला ओ-रिंगचे फिटिंग असेल तर सील ओ-रिंगच करते, तिथेही टेप नको, फक्त तेलाचा थेंब हवा. निमुळत्या आट्यांच्या पाइप फिटिंगलाच सीलंट लागतो, आणि तो पेट्रोलला टिकणारा असावा. टेपचा सुटलेला धागा इंजेक्टरच्या जाळीत जाऊन बसतो, म्हणून माझ्या मते पेट्रोलच्या कामात टेपची गुंडाळी बाहेर काढूच नये.

रबरी नळी इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेलीच घ्यावी. कार्ब्युरेटरच्या गाडीची नळी आणि साधा दातेरी क्लॅम्प इथे धोक्याचा आहे. इंधनात इथेनॉलचे प्रमाण जास्त असेल तर आतून पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) अस्तर असलेली नळी टिकते. क्विक कनेक्ट जोड कट् असा आवाज येईपर्यंत दाबावा आणि मग जोराने मागे ओढून पाहावा. मूळ रेलवर दाबाचे धक्के शोषणारा डॅम्पर असेल आणि नव्या रेलवर त्याची सोय नसेल, तर नळीतून टकटक आवाज येणे किंवा आयडलिंगला दाब थरथरणे शक्य आहे. शक्य असल्यास डॅम्पर नव्या रेलवरही बसवावा. इंधनाचा फिल्टर याच वेळी बदलावा.

इंजिन सुरू करण्याआधीची गळती तपासणी

कपलर क्रमांकानुसार लावावेत, पंपाचा फ्यूज परत बसवावा, सांडलेले पेट्रोल पूर्ण पुसून वाफ जाऊ द्यावी आणि मगच बॅटरी जोडावी. सेल न मारता चावी फक्त ऑन करावी. बहुतेक गाड्यांत पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो. चावी बंद करून पुन्हा ऑन करावी. असे चार-पाच वेळा केल्यावर रेल भरते आणि दाब पूर्ण येतो. या वेळी एकाने चावीपाशी आणि दुसऱ्याने इंजिनापाशी असावे. एकट्याने हे काम करू नये.

इंजिनापाशी असलेल्याने प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवावा. पेट्रोलचा ओलावा काळ्या रबरावर डोळ्यांना दिसत नाही, पांढऱ्या कागदावर लगेच दिसतो. रेलच्या मागच्या बाजूला लहान आरसा आणि दिवा धरावा. कागदाला कुठेही ओल लागली तर बोल्ट आणखी आवळून ती थांबवण्याचा प्रयत्न करू नये. पुन्हा दाब उतरवून ती ओ-रिंग किंवा ते फिटिंग उघडावे. कागद कोरडा राहिला तर दहा मिनिटे थांबून दाबाचा गेज पाहावा. काटा भरभर खाली आला आणि बाहेर ओल नाही, तर एखादा इंजेक्टर आतल्या आत सिलिंडरमध्ये ठिबकत असण्याची शक्यता आहे, आणि तसे इंजिन सुरू करू नये. पंपाचा किंवा रेलमधला दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरचा व्हॉल्व्ह गळत असला तरी काटा असाच उतरतो, त्यामुळे कारण शोधूनच पुढे जावे.

ईसीयूचे आकडे

नव्या इंजेक्टरची क्षमता मूळ इतकीच असेल तर फारसे काही बदलावे लागत नाही. क्षमता वेगळी असेल तर पहिला सेल मारण्याआधीच नवा मॅप, म्हणजे इंधन किती सोडायचे त्या आकड्यांचा तक्ता, ईसीयूत भरलेला असला पाहिजे. दुप्पट क्षमतेचे इंजेक्टर जुन्या मॅपवर जवळपास दुप्पट पेट्रोल ओततात. प्लग भिजतात, सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन जाते आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अति तापतो. ज्या गाडीचा ईसीयू बदलता येत नाही, तिला मूळ क्षमतेचेच इंजेक्टर लावावेत.

मॅपमध्ये मुख्यतः दोन गोष्टी बदलतात: प्रवाहाचा आकडा आणि डेड टाइम. ईसीयूने हुकूम दिल्यावर इंजेक्टर प्रत्यक्ष उघडायला लागणारा विलंब म्हणजे डेड टाइम. तो १४ व्होल्टला साधारण एक मिलिसेकंद असतो आणि बॅटरीचा व्होल्टेज उतरला की वाढतो, म्हणून तो एका आकड्यात नसून व्होल्टेजनुसार तक्त्यात दिलेला असतो. आयडलिंगला इंजेक्टरला मिळणारा एकूण वेळच दोन-तीन मिलिसेकंद असतो, त्यामुळे डेड टाइममधली थोडीशी चूक तिथे मोठी होते आणि पूर्ण जोरात जवळपास दिसत नाही. ज्या सेटबरोबर हा तक्ता मिळत नाही तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, असे मी ठामपणे सांगेन.

रेग्युलेटर व्हॅक्युमच्या नळीचा असेल तर मूळ दाब ती नळी काढून, तिचे तोंड बंद करून, इंजिन आयडलिंगवर असताना लावावा. ३ बार लावल्यावर नळी परत जोडली की गेजवर साधारण अर्धा बार कमी दिसतो. हा बिघाड नाही. मॅनिफोल्डमधला दाब घटला तेवढाच रेलमधलाही घटतो आणि इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक ३ बारच राहतो.

इंजिन गरम झाल्यावर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू स्वतःहून इंधनात करत असलेली टक्क्यांतली दुरुस्ती, पाहावेत. ते शून्याच्या आसपास ५ टक्क्यांच्या आत असतील तर आकडे बरोबर आहेत. आयडलिंगपासून वेगापर्यंत सर्वत्र सारखेच चुकत असतील तर प्रवाहाचा आकडा किंवा मूळ दाब तपासावा. फक्त आयडलिंगला चुकत असतील आणि वेग घेतल्यावर शून्याकडे येत असतील, तर डेड टाइम चुकला आहे किंवा खालच्या एखाद्या ओ-रिंगमधून हवा आत येत आहे. ही हवा शोधण्यासाठी चालू इंजिनावर ज्वलनशील क्लीनर फवारण्यापेक्षा धुराची तपासणी करून घ्यावी. पूर्ण जोरातले मिश्रण मात्र ट्रिमवरून कळत नाही. त्यासाठी हवा-इंधनाचे प्रमाण नेमके मोजणारा वाइडबँड सेन्सर हवा, आणि टर्बो इंजिनात तो लावल्याशिवाय ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नये, कारण तिथे मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी पडणारे, असेल तर काही क्षणांत पिस्टन वितळू शकतो.

इंजिन चांगले तापून थंड झाल्यावर टिश्यू पेपर पुन्हा एकदा प्रत्येक जोडाभोवती फिरवावा, कारण नवी ओ-रिंग आणि ॲल्युमिनियम पहिल्या तापण्या-निवण्यात आपली जागा घेतात. रेलच्या बोल्टचा टॉर्कही तेव्हाच तपासावा. ऑइलची डिपस्टिक काढून तिला पेट्रोलचा वास येतो का तेही पाहावे. येत असेल तर ऑइल आणि फिल्टर बदलून, ठिबकणारा इंजेक्टर शोधल्यावरच गाडी पुन्हा रस्त्यावर काढावी.